खडकेश्वराला दोन तिकिटं

माझा बेत दोन तिकिटांचा होता. एक माझं, एक बायकोचं. पिंपरीहून नाशिक फाट्यापर्यंत चालत, फाट्यावरून एस.टी.नं चाकण, चाकणहून दोन मैलांवर खडकेश्वराची टेकडी, वर बसून शिदोरी खायची आणि दिवेलागणीच्या आत घरी. यात बिघडण्यासारखं कुठं काही आहे का, हे मी तीनतीनदा तपासून पाहिलं होतं. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून आहे. तीनदा तपासल्याशिवाय मी खिळासुद्धा कुणाच्या हातात देत नाही.

टेकड्या चढायची मला हौस होती असं मात्र कुणी समजू नये. हौस नव्हती, गरज होती. त्याचं असं झालं, की माझे मेहुणे अर्जुनराव यांचं वेल्ह्याहून कार्ड आलं. वर शिरसाष्टांग नमस्कार, खाली भाताचं पीक बरं आहे, आणि मध्ये एकच ओळ: ‘आमची रतन तिकडे रमली की नाही ते उलट टपाली कळवावे.’ उलट टपाली! मी टाक शाईत बुडवला आणि तसाच बसून राहिलो. मला उत्तरच ठाऊक नव्हतं.

लग्न वैशाखात झालं, आणि हा मार्गशीर्ष. सात महिन्यांत रतन माझ्याशी जे बोलली ते सगळं एका कार्डावर मावलं असतं. ‘पाणी काढलंय.’ ‘डबा भरलाय.’ ‘व्हय.’ बाई कामाला वाघ, चेहरा शांत, डोळे खाली. आनंदात आहे की मनातल्या मनात दिवस मोजते आहे, काही पत्ता लागत नव्हता. मग विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. कुठं विचारायचं? कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: मी, रतन, माझी आई आणि अंबूआत्या. आत्याला दिसत कमी होतं, म्हणजे निदान ती तसं म्हणायची. कान मात्र असे, की मी मोरीपाशी उभा राहून रतनला ‘अगं’ एवढंच म्हणालो, की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, ‘काय रं ज्योत्या, काय पायजेल?’ सात महिन्यांत त्या ‘अगं’च्या पुढचा शब्द काही मला बोलता आला नाही.

म्हणून टेकडी. टेकडीवर आत्या चढणार नाही, असा माझा हिशोब होता.

पण सत्तावन्न साली नवराबायकोनं उगाच टेकडीवर जाऊन बसायची पद्धत आमच्याकडे नव्हती. वर महादेव आहे ही त्यातल्या त्यात सोय होती. ‘रविवारी खडकेश्वराचं दर्शन घेऊन येतो म्हणतो,’ मी आईला म्हणालो. ‘हिलाही नेतो. नवी नवरी आहे, दर्शन झालेलं बरं.’ हे मी फार चतुराईनं बोललो असं मला त्या वेळी वाटलं. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाहेरून आत्या म्हणाली, ‘म्हाद्याव का? मग मी बी येते. माझं कवाचं राह्यलंय.’ आता महादेवाला जाणाऱ्या विधवा आत्याला नको कसं म्हणायचं? आणि आत्या चालली म्हणजे तिला सांभाळायला आई. तिकिटं चार झाली.

इथपर्यंतही निभावलं असतं. मी आणखी एक चूक केली. शेजारच्या नानासाहेबांना गाडीची वेळ विचारली.

नानासाहेब अकाउंट्समध्ये हेडक्लार्क. एस.टी.चं वेळापत्रक त्यांच्याकडे पुठ्ठा घालून शिवलेलं होतं. कुणी वेळ विचारली तर ते आधी विचारणाऱ्याची चौकशी करायचे. ‘कोण कोण? कशासाठी? शिदोरी काय?’ मी उत्तरं देत गेलो आणि त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. ‘ज्योतीराम,’ ते म्हणाले, ‘डोंगराला असं सहज म्हणून जायचं नसतं. माझे एक मित्र सहज म्हणून गेले होते.’ पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतीच मान हलवली. त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, आतून येऊन विंचवासाठी कांदा, चक्कर आली तर लिंबू, वाऱ्यासाठी कानटोपी आणि डोंगरावर हटकून लागते म्हणून सुतळी घ्यायला सांगितलं. आणि मग दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, ‘त्यापेक्षा आम्हीच येतो बरोबर.’

सोमवारी स्टोअर्समधल्या माझ्या बरोबरीच्या रंगराव आणि मालोजी यांना ते नानासाहेबांकडून कळलं. रंगराव दुखावलाच. ‘आम्ही काय परके का राव?’ एवढंच म्हणून तो पत्र्याच्या डब्यांवरचे आकडे वाचायला लागला. दुपारपर्यंत रंगराव आणि मालोजी, दोघंही सपत्नीक आणि सहमातापितर, सुमनताईंची आई आणि कुणाची तरी नणंद, असे आम्ही सोळा जण झालो.

सोळा आकडा ऐकल्यावर नानासाहेबांना नियम आठवला. दहापेक्षा जास्त कर्मचारी आणि कुटुंबीय एकत्र जात असतील तर ती कौटुंबिक सहल राहत नाही, ती कर्मचारी सहल होते. आणि तिला कल्याण विभागाची मंजुरी लागते. मी म्हणालो, की मी फक्त बायकोला घेऊन देवाला चाललो आहे. कल्याण विभागातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, ‘सोळा जण?’ फॉर्म तीन प्रतींत. सहलीचा उद्देश या रकान्यात मी काय लिहिणार होतो? ‘पत्नीस एक प्रश्न विचारणे’? मी ‘आरोग्यवर्धन’ असं लिहिलं.

सहलप्रमुख म्हणून माझंच नाव लागलं. प्रमुखाला कारखान्यातर्फे एक शिट्टी, एक प्रथमोपचाराची पेटी आणि एक जाजम मिळतं. जाजम कुठून मिळतं, तर स्टोअर्समधून. स्टोअर्समध्ये ते देतं कोण, तर मी. तेव्हा शनिवारी दुपारी मी टेबलाच्या या बाजूला उभा राहून जाजमाची मागणी केली, पलीकडे जाऊन ती मंजूर केली, परत अलीकडे येऊन जाजम मिळाल्याची सही केली. जाजम बारा हात लांब होतं आणि त्यात मालोजीचे आईवडील गुंडाळून नेता आले असते.

रविवारी सकाळी सोळा जण, कांदे, लिंबं, सुतळी, जाजम आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला मी, असे आम्ही नाशिक फाट्यावर उभे. मी खास या प्रसंगासाठी नवे बूट घातले होते. रतननं सुती हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती बायकांच्या घोळक्यात शेवटी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानासाहेब ओरडले, ‘प्रमुख! गाडी आली, शिट्टी!’

टेकडीची हकिगत मी थोडक्यात सांगतो, कारण माझी अब्रू त्यात फारशी शिल्लक राहत नाही. आत्या टेकडी चढणार नाही हा माझा हिशोब साफ चुकला; ती सगळ्यांच्या आधी वर होती. निम्म्या वाटेवर माझ्याच टाचा सोलवटल्या, आणि प्रथमोपचाराची पेटी पहिल्यांदा आणि शेवटची उघडली ती प्रमुखासाठी. पेटीत आयोडीनची बाटली आणि कात्री होती. आयोडीन लावल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला दऱ्याखोऱ्यांतून उत्तर आलं. वर पोचलो तर देवळाला कुलूप. गुरव किल्ली कनवटीला लावून चाकणला मुलगी बघायला गेला होता. सोळा जणांनी गजांतून एकेक डोळा लावून महादेवाचं दर्शन घेतलं. ‘माझं झालं,’ आत्या म्हणाली. ‘मला कुठं सगळा दिसतोय यरवी तरी.’

जेवणं झाल्यावर मी धीर केला. देवळामागं झरा आहे असं मी ऐकलं होतं. रतन भांडी गोळा करत होती. तिच्याजवळ जाऊन मी हळूच म्हणालो, ‘झरा बघायचा का?’ तिनं मान वर केली. सात महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून हसली; नुसतं ओठांच्या कडेला, पण हसली. ‘झरा!’ सुमनताई म्हणाल्या. ‘चला गं, झरा आहे म्हणे!’ झऱ्यावर आम्ही चौदा जण गेलो. मालोजीचे वडील जाजमावर झोपले होते, आणि नानासाहेब त्यांच्यावर लक्ष ठेवायला थांबले.

झऱ्याला पाणी नव्हतं. मी एका दगडावर बसलो आणि मला खरोखर रडू यायला लागलं. तुम्ही हसाल. पण एका माणसाला एक प्रश्न विचारायचा असावा, तोही स्वतःच्या लग्नाच्या बायकोला, आणि त्यासाठी तीन प्रती, बारा हात जाजम आणि सोळा माणसं खर्ची पडावीत! संक्रांतीला अर्जुनराव तिला महिनाभर न्यायला येणार होते. न विचारताच ती गेली आणि तिकडेच तिला बरं वाटलं, तर? उठून मी शिट्टी वाजवली. प्रमुखाला तेवढाच अधिकार होता.

दोनच्या गाडीसाठी आम्ही चाकणच्या स्टँडवर आलो. गाडी जुन्नरकडून भरून आलेली. कंडक्टरनं दारात उभं राहून आत मोजलं. ‘चौदा,’ तो म्हणाला. ‘पंधरावा न्हाई.’

मग मानपानाचा प्रश्न उभा राहिला. आमच्या लोकांना गाडीत घुसायचं असेल तर आधी कोण कोणापेक्षा मोठं ते ठरावं लागतं. नानासाहेबांनी ताबडतोब कारभार हाती घेतला. आधी म्हातारी माणसं. मग मोठ्या बायका. मग नणंद, कारण ती माहेरवाशीण. मग रंगरावची बायको, तिच्या लग्नाला चार वर्षं झालेली. मग मालोजीची, तिच्या लग्नाला दोन. पुरुषांत नोकरीची वर्षं धरली. आत्याला हात देऊन, सुमनताईंच्या आईची पिशवी वर करून, प्रत्येकीला ‘बसा, बसा’ म्हणत रतन शेवटी दारापाशी उरली, कारण सुनांत ती सगळ्यांत नवी. आणि प्रमुखानं सगळ्यांच्या मागून चढायचं म्हणून मी उरलो. चौदा माणसं आत बसली होती. दोन माणसं आणि एक जाजम खाली.

कंडक्टरला आमची दया आली. ‘या, दोघं दाटीवाटीनं उभी ऱ्हावा,’ तो म्हणाला. मी पाय उचलला. तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला.

‘नगं, नगं! त्यास्नी उभं ऱ्हायची सवं न्हाई. मागच्या गाडीनं येतील त्ये. तुमी मारा बेल.’

मी बघतच राहिलो. कऱ्हाडहून पुण्यापर्यंत अख्खी रात्र मी एका पायावर आलो होतो, आणि त्या वेळी आई माझ्याशेजारीच ट्रंकेवर बसलेली होती. ‘अगं पर पोरं येकटीच...’ आत्या म्हणाली. ‘बसा वो वन्सं गुमान,’ आई म्हणाली, आणि खिडकी ओढून घेतली. गाडी गेली. त्या दिवशी आईनं तसं का केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. पण अजूनही त्या बंद झालेल्या खिडकीची आठवण झाली, की माझा आईपुढं वाद घालायचा जोर जातो.

धुरळा खाली बसला. चाकणचा स्टँड म्हणजे एक वड आणि एक चहाचं दुकान. पुढची गाडी सव्वाचारला. मी घसा साफ केला. सगळं जुळून आलं होतं: आत्या नाही, नानासाहेब नाहीत, मी आहे, ती आहे. आणि मला एक शब्द सुचेना.

‘चालायचं का?’ रतन म्हणाली.

‘कुठं?’

‘हिकडंच, सडकेनं. गाडी गाठंल की वाटंत. हात केला की थांबत्यात.’

सात महिन्यांतलं हे तिचं सगळ्यांत लांब बोलणं होतं. मी घाईघाईनं जाजम खांद्यावर घेतलं आणि निघालो. पन्नास पावलांवर जाजम खाली घसरलं, शंभर पावलांवर मी लंगडायला लागलो. रतननं मागून बघितलं असणार. ती पुढं आली, माझ्या खिशातला रुमाल न विचारता काढून घेतला, त्याची चुंबळ केली, आणि ते बारा हात जाजम उचलून डोक्यावर ठेवलं. हात सोडून चालायलाही लागली.

‘अगं, लोक काय म्हणतील!’ मी म्हणालो.

‘बूट काढा,’ ती न वळता म्हणाली. ‘सकाळीच सांगणार व्हते. त्यो बूट चालायचा न्हाई, बसायचा हाय.’

मी बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले. शिट्टी होतीच. अशा थाटात कारखान्याचा सहलप्रमुख पुणे–नाशिक रस्त्यानं आपल्या बायकोच्या मागं, धुळीच्या मऊ कडेनं चालायला लागला. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लागली होती. पाणी देणाऱ्या एका माणसानं आमच्याकडे बघून फावडं खाली ठेवलं. माझी प्रतिष्ठा या प्रवासात कुठं गळून पडली ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण आळंदी फाट्यापर्यंत ती नक्कीच शिल्लक राहिली नव्हती. आणि नवल म्हणजे, मला हलकं वाटत होतं.

रतन बोलत होती. हे मी सांगायचंच विसरलो. मैलभर झाला असेल, ती बोलत होती. तिच्या गावचा बाजार सहा मैलांवर. डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन पहाटे निघायचं, आणि सगळ्या बायकांची सगळी बोलणी त्या वाटेवर व्हायची. कुणाची सासू कशी, कुणाची म्हैस आटली, कुणाचं मन कशात नाही. घरात कुणी बोलायचं नाही, घरात मोठी माणसं. ‘हितं समद्या मला म्हणत्यात, किती सुखाची हायेस गं, नळ घरात आलाय,’ ती म्हणाली. ‘व्हय, आलाय. सात म्हैनं झालं, मी नळापासनं चुलीपतुर चालते. मला वाटायचं मी मुकीच झाले का काय. मला बसून बोलाय येत न्हाई वो. पाय चालल्याबिगार माझं त्वांड उघडत न्हाई.’

मला वाटत होतं, ती माझ्यावर रुसली आहे, नाहीतर मी तिला आवडलेलोच नाही. आणि हे एवढंच होतं. एवढंच म्हणजे काय, सात महिने होते ते. मी पुढं जाऊन तिच्या बरोबरीनं चालायला लागलो, आणि शेवटी विचारलं. फॉर्मवर लिहिला नव्हता तो प्रश्न.

‘रतन, तू इथं रमलीस का?’

जाजमाखालून तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

‘न्हाई अजून,’ ती म्हणाली.

खरं सांगतो, मला ते उत्तर लागलं. पण बरंही वाटलं. ‘व्हय’ म्हणाली असती तर मी कार्ड लिहून टाकलं असतं आणि पुढची चाळीस वर्षं आम्ही आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलत बसलो असतो. मी म्हणालो, ‘मग काय करायचं?’ ती म्हणाली, ‘मला काय ठावं? तुमाला कसलं कसलं आवडतं त्ये तरी सांगा आधी. डब्यात काय बी द्या, रिकामाच येतो.’ मी म्हणालो, की मला दोडक्याची भाजी अजिबात आवडत नाही. ती चालता चालता थांबली. सात महिन्यांत तिनं मला आठवड्यातून तीनदा दोडका दिला होता, मला आवडतो असं आत्यानं सांगितलं होतं म्हणून. आणि मी तो मुकाट्यानं खाल्ला होता, तिला वाईट वाटेल म्हणून. ती हसायला लागली. जाजम डोक्यावर हलायला लागलं, तिनं दोन्ही हातांनी धरलं, तरी हसणं थांबेना. मीही हसत सुटलो. समोरून चाकणकडे जाणारी एक एस.टी. आली आणि तिच्यातले सगळे जण आम्हाला बघत गेले.

चारचा सुमार होता. मग तिनं मला विचारलं, की कारखान्यात मी दिवसभर नेमकं करतो काय. हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं, आईनंही नाही. मी सांगायला लागलो. खिळे, स्क्रू, काचेच्या बरण्या, कोणती वस्तू कोणत्या फळीवर, पहिल्या दिवशी चाव्यांचा जुडगा हातात घेतल्यावर मला कसं रडू आलं होतं. ती मधूनमधून असे प्रश्न विचारायची, की साहेबानं विचारले असते तर मला घाम फुटला असता. मोशीचा उतार लागला. खाली इंद्रायणीचं पाणी दिसायला लागलं, आणि माझ्या टाचा दुखत होत्या हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मागून भोंगा वाजला. सव्वाचारची गाडी. मी हात करण्याआधीच ती करकचून थांबली आणि कंडक्टर अर्धा बाहेर आला.

‘तुमीच का वो त्ये शिट्टीवाले? जाजमवाली बाई? फाट्यावर एक टोपीवाले साहेब आमच्या गाडीला आडवं झालं. म्हणलं, आमची दोन माणसं चाकणला ऱ्हायलीत, त्यास्नी घिऊनच या. जाताना वळखलं मी तुमास्नी. दोन जागा धरून आणल्यात, माझी पिशवी ठिवून. चला, चढा बिगी बिगी!’

खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती. दोन जागा खरोखरच रिकाम्या होत्या, शेजारीशेजारी, पुढच्या बाजूला. नानासाहेबांच्या वेळापत्रकाला शोभेल असा हा बंदोबस्त होता, आणि माझा पाय आपोआप पायरीकडे गेला. सात महिन्यांनी माझं बोलणं आता कुठं काचेच्या बरण्यांपर्यंत आलं होतं. पण जागा आली की चढायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी रतनकडे पाहिलं.

तिनं जाजम सावरलं आणि सरळ कंडक्टरकडे बघितलं. तिचे डोळे खाली नव्हते.

‘ह्येच्यामागं गाडी हाय का वो भाऊ?’

‘हाय की, साडेपाचची. पर ही रिकामी जागा सोडून...’

‘मग तुमी जावा,’ रतन म्हणाली. ‘आमचं बोलणं संपलं न्हाई अजून.’

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, गळ्यातल्या बुटांकडे पाहिलं. मग त्यानं पिशवी काखेत मारली आणि दोनदा बेल दिली.